चित्रं नसलेला ब्राउझर

मंडळी, मल्हारगंजातल्या वाड्यांच्या आणि गणपतीतल्या नाटकांच्या आठवणी इथे पुष्कळ वाचल्या. मी जरा कोरडी आठवण लिहितो, आमच्या माडीवरच्या कॉम्प्युटरची.

१९९६ मध्ये पीसी क्वेस्ट मासिकाने अंकासोबत लिनक्सची सीडी दिली. पुढे दोन-तीन वर्षांनी लिनक्सची एक सीडी माझ्याकडेही आली. मशीन होतं ४८६, मेमरी ८ एमबी. अण्णांनी पीएफमधून पैसे उचलून घेतलेलं, त्यामुळे ते चाललंच पाहिजे असा घरात दंडक. खिडक्या-चित्रांचा पडदा सुरू केला की हार्डडिस्क नुसती कुरकुरायची. म्हणून काळा पडदा आणि पांढरी अक्षरं, बस्स.

आणि मॉडेम लागेना. तो कसा लावायचा ते नेटवर लिहिलेलं, आणि नेटवर जायला मॉडेम हवा! दुकानदाराने हात झटकले, “भिया, विंडोज डाल लो.”

तोड सीडीतच होती. जगभरच्या हौशी लोकांनी १९९२ पासून ‘लिनक्स डॉक्युमेंटेशन प्रोजेक्ट’मध्ये ‘हाऊ-टू’ नावाच्या पुस्तिका लिहून ठेवल्या होत्या. त्या वाचायला ‘लिंक्स’ हा ब्राउझरही सीडीतच दिलेला. लिंक्स म्हणजे रानमांजर. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठात १९९२ मध्ये ते जन्मलं. चित्रं नाहीत, माऊस नको. खालच्या बाणाने पुढच्या दुव्यावर जायचं, उजव्याने उघडायचं, डाव्याने परत. नेटवरची पानं दाखवतं तशीच डिस्कवरचीही, म्हणजे टेलिफोनच्या बिलाला धक्का नाही.

तीन रात्री वाचत बसलो. सीरियल हाऊ-टूमध्ये नेमकं दुखणं सापडलं. कॉम-१ आणि कॉम-३ या दोन्ही पोर्टांचा आयआरक्यू एकच, ४. आमचा माऊस एकावर, मॉडेम दुसऱ्यावर. एकाच घंटीला दोन घरं जोडल्यासारखं. मॉडेमच्या कार्डावरचा जंपर हलवून ५ केला, ‘सेटसीरियल’ला तसं कळवलं, आणि मॉडेमने ती ओळखीची किरकिर केली. अण्णा खालून ओरडले, “लागला का रे एकदाचा?”

ओपनबीएसडी या दुसऱ्या सिस्टिमने २०१४ मध्ये लिंक्सला मूळ संचातून काढलं. जुना, पसरलेला कोड, सुरक्षेची काळजी. ते म्हणणं मला पटतं, आणि हवा त्याला तो वेगळा घेता येतोच. तरी माझं मत असं की सिस्टिमने आपली माहिती वाचायचं साधन सोबतच द्यावं. नेट बंद असतं तेव्हाच तर त्या माहितीची गरज लागते. बंबाच्या चाव्या बंबातच ठेवून कसं चालेल?

आजी एकदा माडीवर आली, बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली. “यात मराठी नाही का रे?” नव्हती. लिनक्सच्या त्या साध्या काळ्या पडद्यावर आपली जोडाक्षरं आजही नीट उमटत नाहीत.