संग्रहालयात आमची नावे कुठे आहेत?

भायखळ्याच्या राणीच्या बागेत 1872 साली एक संग्रहालय लोकांसाठी खुले झाले. तेव्हा त्याचे नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम होते, 1975 साली ते डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय झाले. इमारत देखणी आहे, त्यात वाद नाही. तिथे काचेच्या कपाटांत मुंबईतल्या जातीजमातींच्या आणि धंद्यांच्या मातीच्या बाहुल्या मांडल्या आहेत. पागोटे कसे, लुगडे कसे, हातात कोणते हत्यार, सगळे बारकाईने घडवलेले. नाव मात्र नाही. जात कळते, धंदा कळतो, माणूस कळत नाही. राज्य करणाऱ्याला प्रजेचे नमुने हवे होते आणि नमुन्याला नाव लागत नाही. आमच्या वस्त्यांतली पोरे शाळेच्या सहलीत अशा कपाटांपुढून रांगेने जातात, "हात लावू नका" एवढे ऐकतात आणि बाहेर पडून प्राणी बघायला पळतात. आम्ही पोरांना दोष देत नाही.

हल्ली संग्रहालये लोकसहभागाची भाषा बोलू लागली आहेत. मुलांसाठी कार्यशाळा, चित्रकला, सवलतीचे तिकीट. चांगलेच आहे. पण बोलावणारा कोण आणि सांगणारा कोण, हा आमचा प्रश्न त्याने सुटत नाही. तो ज्यांनी सोडवून दाखवला त्यांची हकीकत सांगतो.

दक्षिण आफ्रिकेत केप टाऊन शहरात डिस्ट्रिक्ट सिक्स नावाची कष्टकऱ्यांची वस्ती होती. मिश्रवंशीय, मुसलमान, काळे, ज्यू, भारतीय सगळे तिथे राहिले. 11 फेब्रुवारी 1966 रोजी वर्णद्वेषी सरकारने हा भाग फक्त गोऱ्यांसाठी असल्याचे जाहीर केले. पुढच्या दीड दशकात साठ हजारांहून अधिक माणसे हुसकून शहराबाहेरच्या माळरानावर फेकली गेली आणि घरांवर बुलडोझर फिरला. देवळे, चर्च, मशिदी तेवढ्या उभ्या ठेवल्या. (देव चालतो, माणूस चालत नाही, हे आम्हाला कुणी समजावून सांगायला नको.)

1980 च्या दशकात "डिस्ट्रिक्ट सिक्सला हात लावू नका" अशी चळवळ उभी राहिली आणि त्याच कार्यकर्त्यांनी 1989 मध्ये संग्रहालयासाठी प्रतिष्ठान काढले. 10 डिसेंबर 1994 रोजी एका जुन्या मेथडिस्ट चर्चमध्ये त्यांनी प्रदर्शन भरवले. ते काही दिवसांपुरतेच ठरले होते. लोकांनी ते बंदच होऊ दिले नाही.

काय होते त्यात? जमिनीवर वस्तीचा भलामोठा नकाशा रंगवलेला. येणारा जुना रहिवासी वाकून आपली गल्ली शोधायचा आणि आपले घर होते तिथे स्वतःच्या हाताने नाव लिहायचा. वर रस्त्यांच्या मूळ पाट्या टांगलेल्या. पाडकाम करणाऱ्यांपैकीच एकाने त्या फेकून न देता लपवून ठेवल्या होत्या. शेजारी लांबच लांब कापड. त्यावर लोक नाव, पत्ता, आठवण लिहीत आणि नंतर त्या अक्षरांवर सुईदोऱ्याने भरतकाम होई. माहिती सांगायला उभे असत ते त्याच गल्ल्यांतून हाकललेले म्हातारे-म्हाताऱ्या. शाळेची मुले आली की "इथे आमचे घर होते" असे ते बोट ठेवून सांगत. ज्याचा इतिहास, त्याच्याच तोंडून. जमीन परत मिळण्याच्या लढ्यालाही याच जागेने बळ दिले. परतीचे काम आजवर रखडतच चालले आहे, हेही सांगितले पाहिजे.

आणखी एक गोष्ट या संग्रहालयाने झाकली नाही. 1901 साली प्लेगचे निमित्त करून याच वस्तीतून काळ्या आफ्रिकी लोकांना आधी हाकलले होते. म्हणजे पीडितांमध्येही एक उतरंड होती. मुंबईत 1896 ला प्लेग आला, 1898 ला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, त्याने गरिबांच्या वस्त्या पाडल्या आणि चाळी बांधल्या. परळच्या अशाच एका बीआयटी चाळीत बाबासाहेबांनी आयुष्याची कितीतरी वर्षे काढली. केप टाऊन आणि मुंबई, रोग एक आणि रोगाच्या आडून चाललेले राजकारणही एक.

आता आपल्याकडे या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग, शिवडी इथल्या बीडीडी चाळी 1920 च्या दशकातल्या. 207 इमारती. 1974 च्या जानेवारीत वरळीची दंगल याच चाळींत पेटली, दलित पँथरची पोरे याच जिन्यांवरून धावली, आणि त्याच महिन्यात भागवत जाधव शहीद झाले. आज तिथे टॉवर उठत आहेत. पक्के घर आणि स्वतःचा संडास मिळणार असेल तर आमच्या माणसांनी ते जरूर घ्यावे. जुन्या चाळीचे गोडवे गाणारे बहुधा त्या चाळीत राहिलेले नसतात. पण चाळ पडताना तिची नोंद कोण ठेवणार? शासनाने उद्या एखादी खोली सजवून ठेवली, त्यात स्टोव्ह, पितळी कळशी आणि मेणाचा गिरणीकामगार बसवला, तर ती पुन्हा भायखळ्याची बाहुलीच.

आमचाही दोष आहे. 25 जून 2016 च्या पहाटे दादरचे आंबेडकर भवन आणि बुद्धभूषण प्रिंटिंग प्रेस पाडली गेली. चळवळीचा छापखाना ढिगाऱ्यात गेला. आम्ही मोर्चा काढला, रस्ते निळे केले. पण तिथे कोणती यंत्रे होती, खिळे कोण जुळवायचा, गठ्ठे कोण वाहायचा, हे आम्ही त्याआधी कधी लिहून ठेवले होते? मोडतोड झाल्यावर आम्हाला वारसा आठवला.

म्हणून चाळीतल्या मंडळांना आणि शाळांतल्या आमच्या शिक्षकांना आमचे सांगणे आहे. शासनाच्या समितीची वाट पाहू नका. खोलीचा ताबा देण्याआधी इमारतीचा क्रमांक, खोलीचा क्रमांक, तिथे राहिलेल्या प्रत्येकाचे, बायकांचेसुद्धा, पूर्ण नाव वहीत लिहा. सातवी-आठवीच्या मुलांना आजीकडे पाठवा: गावाहून कधी आलात, पाणी कुठून भरायचात, जलशाला कोण गायचे, दंगलीच्या रात्री दार कुणी लावून घेतले. जुनी पाटी भंगारात देऊ नका. भिंतीवरची बाबासाहेबांची तसबीर उतरवाल तेव्हा तिच्या मागे खोली क्रमांक लिहा. 1974 ला जे विशीत होते ते आज सत्तरीच्या पुढे आहेत, आणि बऱ्याच इमारतींत सामान बांधायला सुरुवात झाली आहे.