व्हिंटेज मोटारगाड्यांचा छंद

व्हिंटेज मोटारगाड्यांचा छंद म्हणजे उत्पादन थांबलेल्या जुन्या मोटारगाड्या मिळवणे, त्यांची दुरुस्ती व जतन करणे, त्या चालत्या स्थितीत ठेवणे, फेऱ्यांत व प्रदर्शनांत उतरवणे आणि त्यांची खरेदी-विक्री करणे. नाणी, टपाल तिकिटे किंवा चित्रे यांच्या संग्रहाहून हा छंद एका महत्त्वाच्या बाबतीत वेगळा आहे. मोटारगाडी हे यंत्र असल्यामुळे ती चालवली तर झिजते आणि उभी ठेवली तर गंजते. झीज भरून काढण्यासाठी तिचे भाग बदलावे लागतात. भाग बदलत गेल्यास ती मूळ गाडी राहते का, हा प्रश्न या छंदातील किंमत, कायदा आणि रसग्रहण या तिन्हींच्या मुळाशी आहे.

संज्ञा व वर्गीकरण

‘व्हिंटेज’ हा शब्द द्राक्षमद्याच्या हंगामावरून आला. बोलीभाषेत कोणत्याही जुन्या गाडीला व्हिंटेज म्हटले जात असले, तरी जाणकार कालखंडानुसार निरनिराळ्या संज्ञा वापरतात. ब्रिटिश परंपरेतील प्रचलित वर्गीकरण पुढीलप्रमाणे आहे:

* व्हेटरन – १९०४ अखेरपर्यंत तयार झालेल्या गाड्या
* एडवर्डियन – १९०५ ते १९१८
* व्हिंटेज – १९१९ ते १९३०
* पोस्ट-व्हिंटेज – १९३१ पासून दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभकाळापर्यंत
* क्लासिक – मुख्यत्वे महायुद्धोत्तर गाड्या. या संज्ञेची सीमारेषा देशागणिक व संस्थेगणिक बदलते

१९६६ साली स्थापन झालेल्या ‘फिवा’ या ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या व्याख्येनुसार ऐतिहासिक वाहन किमान ३० वर्षे जुने असावे, ते इतिहासाला धरून योग्य स्थितीत जतन केलेले असावे आणि त्याचा वापर दैनंदिन वाहतुकीसाठी होत नसावा. भारतीय कायद्यातील वयोमर्यादा मात्र ५० वर्षांची आहे.

इतिहास

*जागतिक पार्श्वभूमी*

१४ नोव्हेंबर १८९६ रोजी ब्रिटनमधील मोटारचालकांनी वेगमर्यादा शिथिल झाल्याच्या आनंदात लंडन ते ब्रायटन असा प्रवास केला. १९२७ साली या प्रवासाची आठवण म्हणून जुन्या गाड्यांची फेरी काढण्यात आली. तोवर टाकाऊ समजल्या जाणाऱ्या गाड्यांकडे वारसा म्हणून पाहण्याची ही सुरुवात होती. १९०५ पूर्वीच्या गाड्यांसाठीची ही फेरी आजही भरते. १९३० मध्ये व्हेटरन कार क्लब ऑफ ग्रेट ब्रिटन आणि १९३४ मध्ये व्हिंटेज स्पोर्ट्‌स-कार क्लब या संस्था स्थापन झाल्या. लंडन-ब्रायटन फेरीवर बेतलेल्या ‘जेनेव्हिव्ह’ (१९५३) या विनोदी चित्रपटाने छंदाची लोकप्रियता वाढवली. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील पेबल बीच येथे १९५० पासून मोटारींची सौंदर्यस्पर्धा भरू लागली.

*भारतात*

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भारतीय संस्थानिक हे युरोप-अमेरिकेतील मोटार कंपन्यांचे मोठे ग्राहक होते. त्या काळी महागड्या गाड्यांचे चॅसिस व इंजिन एक कंपनी बनवत असे, तर वरची बॉडी स्वतंत्र कारागीर कंपनी ग्राहकाच्या मागणीनुसार चढवत असे. त्यामुळे शिकारीसाठी, मिरवणुकीसाठी किंवा पडदानशीन स्त्रियांसाठी खास बांधलेल्या गाड्या भारतात आल्या. त्याच काळात साध्या गाड्यांचाही प्रसार झाला. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडी येथे मोटारींची जुळणी सुरू केली.

स्वातंत्र्यानंतर परिस्थिती पालटली. आयातीवर कडक निर्बंध आले आणि १९५० च्या दशकात परदेशी कंपन्यांनी येथील जुळणी थांबवली. सुटे भाग मिळेनासे झाल्याने मिस्त्रींनी हाताशी असलेल्या भागांवर जुन्या गाड्या चालत्या ठेवल्या. अनेक गाड्यांत अँबॅसडरचे किंवा डिझेलवर चालणारे इंजिन बसवले गेले. १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे रद्द झाल्यावर अनेक राजघराण्यांना गाड्यांचा ताफा सांभाळणे अवघड झाले. काही गाड्या भंगारात गेल्या, काही चित्रपटसृष्टीत किंवा लग्नाच्या वरातींसाठी वापरल्या गेल्या, तर अनेक परदेशी संग्राहकांच्या हाती पडल्या. १९१० च्या सुमारास कोलकात्यातील एका इंग्रज अभियंत्यासाठी बनवलेली आणि पुढे नाभा संस्थानाकडे गेलेली हंसाच्या आकाराची ‘स्वान कार’ आज नेदरलँड्समधील हेग येथील लाउमन संग्रहालयात आहे.

संघटित छंदाचा आरंभ वृत्तपत्राच्या पुढाकाराने झाला. ‘द स्टेट्समन’ या दैनिकाने १९६४ मध्ये दिल्लीत आणि १९६८ मध्ये कोलकात्यात जुन्या गाड्यांच्या वार्षिक फेऱ्या सुरू केल्या. पुढे मुंबईत व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया ही संस्था उभी राहिली. तिच्या उभारणीत संग्राहक प्राणलाल भोगीलाल यांचा मोठा वाटा होता.

मूळपणाचा प्रश्न

जुन्या गाडीची ओळख तिच्या कोणत्या भागात असते, यावर संग्राहकांत एकमत नाही. १९९० साली इंग्लंडच्या उच्च न्यायालयात चाललेला ‘ओल्ड नंबर वन’ या बेंटली गाडीचा खटला याचे ठळक उदाहरण आहे. १९२९ व १९३० अशी दोन वर्षे ‘ल मां’ची २४ तासांची शर्यत जिंकणाऱ्या या गाडीचा १ कोटी पौंडांना सौदा ठरला होता. मूळ गाडीतील फारच थोडे भाग उरले आहेत, असे म्हणून ग्राहकाने व्यवहार नाकारला. न्यायालयाने विक्रेत्याच्या बाजूने निकाल दिला. भाग वेळोवेळी बदलले गेले असले, तरी गाडीच्या इतिहासाची साखळी कोठेही तुटलेली नाही आणि त्यामुळे ती तीच गाडी आहे, असा या निकालाचा आशय होता.

बाजाराचा कल मात्र मूळ घटकांना अधिक मोल देण्याकडे आहे. फ्रान्समधील एका शेतावर अनेक दशके पडून असलेल्या ५९ गाड्यांचा फेब्रुवारी २०१५ मध्ये पॅरिसमध्ये लिलाव झाला. त्यांतील १९६१ ची फेरारी २५० जीटी कॅलिफोर्निया स्पायडर धुळीने माखलेल्या अवस्थेतच सुमारे १ कोटी ६३ लाख युरोंना विकली गेली. मूळ रंग, कातडे व धातू यांवरील काळाची छाया हीच आता गुणवत्ता मानली जाते. एकदा खरवडून काढलेला मूळ रंग पुन्हा आणता येत नाही.

खरेदी-विक्री

*तपासणी*

जाणकार ग्राहक गाडीच्या चकाकीपेक्षा तिच्या ओळखीची तपासणी आधी करतो. त्यासाठी सामान्यतः पुढील बाबी पाहिल्या जातात:

* चॅसिस व इंजिन यांवर ठोकलेले क्रमांक एकमेकांशी, नोंदणी पुस्तकाशी आणि उपलब्ध असल्यास उत्पादकाच्या दप्तराशी जुळतात का. सर्व क्रमांक जुळणाऱ्या गाडीस अधिक किंमत येते.
* आधीच्या मालकांची अखंड साखळी: नोंदणी पुस्तक, हस्तांतरणाचे कागद, जुनी बिले, विम्याचे कागद व छायाचित्रे.
* बॉडी मूळ आहे की नंतर चढवलेली. बंद बॉडी कापून उघड्या टपाची गाडी बनवण्याचा प्रकार जगभर झालेला आहे.
* गंज, मडगार्डांखालची लिंपण, लाकडी सांगाड्याला लागलेली वाळवी.
* मीटर, दिवे, रेडिएटरवरील मानचिन्ह यांसारखे लहान भाग. इंजिनाची दुरुस्ती शक्य असते. हरवलेला मूळ दिवा मात्र वर्षानुवर्षे सापडत नाही.

*किंमत*

किंमत ठरवताना दुर्मीळता, मूळपणा, पूर्वीचे मालक, शर्यतींतील कामगिरी आणि कागदपत्रे विचारात घेतली जातात. केवळ वय पुरेसे नसते. लाखोंच्या संख्येने बनलेली शंभर वर्षांची गाडी पन्नास वर्षांच्या दुर्मीळ गाडीपेक्षा स्वस्त असू शकते. अवघ्या ३६ च्या आसपास बनलेल्या फेरारी २५० जीटीओ या प्रकारातील एक गाडी २०१८ मध्ये ४ कोटी ८४ लाख डॉलरांना विकली गेली. २०२२ मध्ये मर्सिडीज-बेंझ ३०० एसएलआर उलेनहाउट कूपे या केवळ दोनच बनलेल्या गाड्यांपैकी एकीला १३ कोटी ५० लाख युरो मिळाले.

भारतातील बहुतेक व्यवहार जाहीर लिलावाऐवजी खाजगी ओळखीतून होतात. त्यामुळे किमती उघड होत नाहीत आणि नवख्या ग्राहकाची फसवणूक होण्याची शक्यता वाढते. दुरुस्तीचा खर्च खरेदीच्या किमतीहून अधिक होणे ही नेहमीची बाब असून सामान्य गाड्यांच्या बाबतीत तो विक्रीतून परत मिळेलच असे नाही. या कारणाने अनुभवी संग्राहक या छंदाकडे गुंतवणूक म्हणून पाहण्यापासून सावध करतात. मर्यादित साधनांच्या छांदिष्टांचा कल प्रीमियर पद्मिनी, अँबॅसडर, स्टँडर्ड हेरल्ड आणि विलीस जीप यांसारख्या भारतात बनलेल्या किंवा जुळणी झालेल्या वाहनांकडे असतो, कारण त्यांचे मिस्त्री व सुटे भाग तुलनेने सहज मिळतात.

पुनरुज्जीवन व देखभाल

जुन्या गाडीवरील कामाचे सर्वसाधारणपणे तीन प्रकार मानले जातात. ‘जतन’ म्हणजे आहे ती स्थिती टिकवणे. ‘दुरुस्ती’ म्हणजे गाडी चालण्यापुरते भाग बदलणे. ‘पुनरुज्जीवन’ म्हणजे गाडी पूर्ण सुटी करून कारखान्यातून निघाली तशी पुन्हा घडवणे. तिसरा प्रकार सर्वांत खर्चिक असून त्यात इतिहासाचे पुरावे पुसले जाण्याचा धोका असतो. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी प्रत्येक भागाची छायाचित्रे व मापे नोंदवणे आणि काढलेले मूळ भाग जपून ठेवणे आवश्यक मानले जाते.

पुनरुज्जीवनात काळाचे भान महत्त्वाचे ठरते. उदाहरणार्थ, १९२० च्या दशकातील बहुतांश गाड्यांवर निकेलचा मुलामा असे. क्रोमचा वापर त्या दशकाच्या अखेरीस रूढ झाला. जुन्या गाडीला चकचकीत क्रोम चढवल्यास ती जाणकारांच्या दृष्टीने चुकीची ठरते. भारतात न मिळणारे भाग लेथवर घडवून घेतले जातात किंवा ओतकाम करून बनवले जातात. मुंबईच्या चोर बाजारासारख्या जुन्या बाजारांतूनही संग्राहक दिवे, भोंगे व मीटर शोधतात.

इंधनातील बदलांचाही परिणाम होतो. भारतात २००० सालापासून शिसेविरहित पेट्रोलच विकले जाते. शिशाच्या संयुगांमुळे मिळणारे संरक्षण नाहीसे झाल्याने काही जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्हच्या बैठका लवकर झिजतात. इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे जुन्या रबरी नळ्या व वॉशर खराब होऊ शकतात. तसेच ते पाणी शोषत असल्याने दीर्घकाळ उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी आतून गंजण्याचा संभव असतो.

भारतातील कायदेशीर तरतुदी

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये दुरुस्ती करून व्हिंटेज वाहनांची स्वतंत्र नोंदणी सुरू केली. तिच्यातील प्रमुख तरतुदी पुढीलप्रमाणे आहेत:

* पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ झालेली दुचाकी व चारचाकी वाहने पात्र ठरतात. वाहन मूळ स्वरूपात असावे. चॅसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा.
* नव्या नोंदणीस राज्याच्या संकेताक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला क्रमांक मिळतो. पूर्वी नोंदणी झालेल्या वाहनास आपला मूळ क्रमांक राखता येतो.
* नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून नोंदणी १० वर्षे वैध असते. पुनर्नोंदणीचे शुल्क ५,००० रुपये आहे.
* वाहन नियमित किंवा व्यावसायिक कारणासाठी वापरता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज फेरी, इंधन भरणे व देखभाल यांसाठीच ते रस्त्यावर आणता येते.
* विक्री झाल्यास विक्रेता व ग्राहक या दोघांनीही ९० दिवसांच्या आत आपापल्या राज्याच्या परिवहन प्राधिकरणास कळवणे आवश्यक असते.

या नियमांमुळे मूळपणाची संकल्पना प्रथमच कायद्यात आली. मात्र टंचाईच्या काळात इंजिन बदललेल्या गाड्यांपुढे त्यामुळे पात्रतेचा प्रश्न उभा राहतो.

रसग्रहण आणि स्पर्धा

फेरीत गाडी प्रत्यक्ष चालण्याला महत्त्व असते, तर ‘काँकूर द एलेगान्स’ या प्रकारच्या स्पर्धेत परीक्षक गाडीचा मूळपणा, कारागिरी, ऐतिहासिक अचूकता व सौंदर्य यांचे परीक्षण करतात. अशा अनेक स्पर्धांत जतन केलेल्या आणि पुनरुज्जीवित गाड्यांचे गट वेगळे ठेवले जातात. भारतात २००८ साली मुंबईत कार्टिए कंपनीने अशी स्पर्धा भरवली. २०११ पासून ‘२१ गन सॅल्यूट’ ही स्पर्धा भरत आहे. शारदा द्विवेदी व मानवेंद्र सिंह बडवानी यांचा ‘द ऑटोमोबाइल्स ऑफ द महाराजाज’ हा ग्रंथ संस्थानी गाड्यांच्या अभ्यासासाठी उपयुक्त मानला जातो.

संग्रहालयाबाहेरही काही गाड्या आपल्या मूळ सामाजिक संदर्भात टिकून आहेत. कोल्हापूरच्या शाही दसरा सोहळ्यात छत्रपती घराण्यातील मंडळी संस्थानकालीन मेबॅक मोटारीतून दसरा चौकात येतात आणि ही गाडी पाहणे हा नागरिकांच्या उत्सवाचाच भाग असतो.

संग्रहालये

* ऑटो वर्ल्ड व्हिंटेज कार म्युझियम, कठवाडा (अहमदाबादजवळ) – प्राणलाल भोगीलाल यांचा संग्रह
* व्हिंटेज व क्लासिक मोटारींचा संग्रह, उदयपूर – मेवाड राजघराण्याच्या गाड्या
* हेरिटेज ट्रान्सपोर्ट म्युझियम, तावडू (हरियाणा) – २०१३ मध्ये खुले झाले
* जीडी कार म्युझियम, कोइम्बतूर
* चौमहल्ला राजवाडा, हैदराबाद – निजामाची पिवळी रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट

आव्हाने

पन्नास वर्षांची अट पूर्ण न करणाऱ्या गाड्यांचे भवितव्य हा या छंदापुढील कळीचा प्रश्न आहे. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते व त्यानंतर ती ठराविक मुदतीने नूतनीकृत करावी लागते. दिल्ली परिसरात १० वर्षांवरील डिझेल व १५ वर्षांवरील पेट्रोल वाहनांवर न्यायालयीन आदेशांनी निर्बंध आले. मुंबईत २० वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रीमियर पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून निवृत्त झाली. प्रदूषण नियंत्रणाच्या दृष्टीने अशा उपायांचे समर्थन केले जाते. दुसरीकडे, कालच्या सामान्य गाड्याच उद्याचा वारसा असतात आणि पन्नास वर्षे पूर्ण होण्याआधीच त्या मोडीत निघाल्यास जतन करण्यासाठी काहीच उरणार नाही, असे संग्राहकांचे म्हणणे आहे. कार्ब्युरेटर, मॅग्नेटो व लाकडी सांगाडा यांचे काम जाणणाऱ्या जुन्या मिस्त्रींची संख्या घटत असल्याने हे कौशल्य पुढील पिढीकडे पोहोचवणे, हेही तितकेच निकडीचे मानले जाते.

हेही पाहा

* मोटारगाडी
* प्रीमियर पद्मिनी
* हिंदुस्तान अँबॅसडर
* रोल्स-रॉइस