बिडी बाहेर कशी गेली

अकोल्यात किंवा अमरावतीत हॉटेलात शिरलं की भिंतीवर पांढऱ्या पाटीवर लाल वर्तुळ दिसतं, आत आडवी काट मारलेली सिगारेट. ही पाटी आली २००८ च्या नियमांनी. पण वऱ्हाडात बिडीला मनाई त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. ती माणसाच्या छातीसाठी नव्हती, कापसासाठी होती.

१८६७ पर्यंत जीआयपी रेल्वे अकोला, बडनेरा ओलांडून नागपूरला पोचली. १८७० मध्ये खामगावच्या कापूस बाजारासाठी वेगळा फाटा टाकला गेला. रुळांमागोमाग जिनिंग आणि प्रेसिंगचे कारखाने आले. ज्यानं जिन आतून पाहिला आहे त्याला सांगायला नको, की तिथं रुईची तूस हवेत तरंगते, केसांना, कपड्यांना, छपराच्या वाशांना चिकटते. एक ठिणगी पडली की गंजी पेटते. दाबून बांधलेल्या गठाणीत शिरलेली आग तर आतल्या आत धुमसत राहते आणि वरून पत्ताही लागत नाही. म्हणून जिनाच्या आवारात बिडी-काडीला मनाई. मालकाचं भांडवल तिथं पडलेलं असे, त्यामुळे ही मनाई कुणाला समजावून सांगावी लागली नाही. तीच तूस दिवसभर नाकातोंडात घेणाऱ्या मजुराच्या फुप्फुसांचा हिशेब मात्र त्या मनाईत कुठंच नव्हता. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. धुरावरचा प्रत्येक नियम वाचताना पहिला प्रश्न हाच विचारावा: हा कुणाला वाचवतो आहे?

दुसरा नियम रेल्वेच्या डब्यात सापडतो. १८९० च्या रेल्वे कायद्याच्या ११० व्या कलमानुसार डब्यातल्या सहप्रवाशांच्या संमतीशिवाय धूम्रपान केल्यास वीस रुपयांपर्यंत दंड होता. त्या काळी वीस रुपये म्हणजे लहान रक्कम नव्हे. शेजाऱ्याच्या संमतीचा विचार कायद्यात आला, हे मोठंच पाऊल. पण संमती मागायची कुणी आणि नाकारायची कुणी? बाकावर गावचे पाटील चिलीम पेटवून बसले असतील, तर खाली बसलेला मजूर ‘नोको’ म्हणेल काय? ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या संमतीवर उभा असलेला कायदा कागदावरच राहतो.

पुढं १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यात ११६ वं कलम आलं. कोर्ट, पोलीस ठाणं, सरकारी इमारत इथं मनाईची सूचना लावली असेल तर धूम्रपान आणि थुंकणं हा गुन्हा. इथं राखायची होती ती जागेची अदब. माणूस अजून दूरच होता.

वऱ्हाडात चिलमीकडं तुच्छतेनं पाहून कुणाला मोहीम चालवता येणार नाही. शेगावच्या गजानन महाराजांच्या तसबिरीत चिलीम आहे. दासगणूंच्या ‘गजानन विजय’ ग्रंथात जानकीराम सोनारानं चिलमीसाठी विस्तव नाकारल्याची कथा घरोघरी ठाऊक आहे. याच मातीत गाडगेबाबांनी कीर्तनांतून व्यसनांवर कोरडे ओढले आणि मोझरीच्या गुरुकुंजातून तुकडोजी महाराजांनी गावं निर्व्यसनी करण्याचा ध्यास घेतला. दोन्ही गोष्टी इथल्या माणसाच्या मनात शेजारी शेजारी नांदतात. म्हणून ‘तुम्ही ओढू नका’ हे सांगणं इथं नेहमीच प्रवचनाच्या सुरात गेलं. ‘माझ्याजवळ ओढू नका’ हे वाक्य वेगळं आहे. ते हक्काचं आहे, आणि ते यायला विज्ञान लागलं.

ते आलं जपानहून. जानेवारी १९८१ मध्ये ताकेशी हिरायामा यांनी ९१,५४० बायकांचा चौदा वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या स्वतः धूम्रपान करत नव्हत्या. तरी ज्यांचे नवरे खूप सिगारेटी ओढत, त्यांच्यात फुप्फुसाच्या कर्करोगानं मरण्याचं प्रमाण स्पष्टपणे जास्त होतं. तंबाखू कंपन्यांनी या अभ्यासावर तुटून पडायचं ते पडलंच, पण पुढच्या अभ्यासांनी तोच निष्कर्ष पक्का केला.

आपल्याकडं हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयात नेला तो मुंबईचे राजकीय नेते मुरली देवरा यांनी. २ नोव्हेंबर २००१ रोजी न्या. एम. बी. शाह आणि न्या. आर. पी. सेठी यांनी सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला मनाई केली. आधार घेतला राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदाचा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा. सभागृहं, दवाखाने, शाळा-कॉलेजं, वाचनालयं, कोर्टं, सरकारी कार्यालयं, रेल्वेसह सार्वजनिक वाहनं अशी यादी त्या आदेशात आहे. ती नीट वाचली की लक्षात येतं, हॉटेल त्यात नाही.

हॉटेल आलं २००३ च्या केंद्रीय कायद्यात. पुढं २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झालेल्या नियमांनी पब, बार, कॅन्टीन, कॉफी हाऊस यांची नावंच घातली. त्याआधी तंबाखू आणि हॉटेल व्यवसायातली मंडळी न्यायालयात गेली होती, पण सर्वोच्च न्यायालयानं स्थगिती दिली नाही. ओढणाऱ्याला दोनशे रुपयांपर्यंत दंड. मालकानं ॲश-ट्रे, काडेपेटी, लायटर द्यायचं नाही. तीस किंवा त्याहून जास्त माणसं बसतील अशाच हॉटेलाला वेगळी धूम्रपानाची खोली ठेवता येते, तीही चारही बाजूंनी बंद, आपोआप मिटणाऱ्या दाराची आणि धूर थेट बाहेर फेकणारी. म्हणजे बसस्टँडजवळची चारपाच टेबलांची खानावळ असो की नाक्यावरचं चहाचं हॉटेल, तिथं आत बिडी पेटवायला कायद्यानं जागाच उरली नाही. मला हा नियम न्याय्य वाटतो. धूर गिऱ्हाईक अर्धा तास घेतो आणि निघून जातो. ताटं उचलणारा पोऱ्या तो सकाळपासून रात्री शटर पडेपर्यंत घेतो.

आयर्लंडनं मार्च २००४ मध्ये पबमधला धूर बंद केला, तो मुळात याच मुद्द्यावर: बार हे कुणाचं तरी कामाचं ठिकाण आहे. आपल्याकडं २०१७ च्या दुरुस्तीनं धूम्रपानाच्या खोलीत खाणंपिणं किंवा कोणतीही सेवा द्यायला मनाई केली. वेटरला त्या धुरात पाठवायचं नाही, हे तेव्हा कुठं नियमात आलं. त्याच वर्षाच्या अखेरीस, २९ डिसेंबरला, मुंबईत कमला मिलच्या आगीत चौदा जण गेले. हुक्क्याच्या निखाऱ्यांवर बोट ठेवलं गेलं आणि २०१८ मध्ये महाराष्ट्रानं हुक्का पार्लर बंद करणारी दुरुस्ती केली. राज्याला हलवायला शेवटी पुन्हा आगच लागली, याचं वाईट वाटतं.

२०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के निघाले, तर तंबाखू खाणारे-लावणारे २४.४ टक्के. विदर्भात खर्रा ज्या प्रमाणात घोटला जातो ते पाहता, धुराची लढाई सोपी आहे असंच म्हणावं लागेल. म्हणून ती अर्धवट सोडण्याला काही कारण नाही. परमिट रूममध्ये, धाब्यावर, लग्नाच्या हॉलमध्ये रात्री दहानंतर ती अजून सुटलेली दिसते. ‘भाऊ, बाहेर जाऊन ओढा न’ एवढं म्हणायला गल्ल्यावरचा माणूस कचरतो, कारण समोर रोजचं गिऱ्हाईक असतं.

त्यासाठीही नियमात तरतूद आहे. तक्रार कुणाकडं करायची, त्या माणसाचं नाव हॉटेलात ठळक लावायचं असतं. सांगूनही त्यानं काही केलं नाही, तर जितके ओढणारे तितका दंड मालक-व्यवस्थापकांवर बसू शकतो. अमरावती आणि अकोल्याच्या महापालिकांनी, अन्न व औषध प्रशासनानं आणि पोलिसांनी तपासणीला जाताना लाल वर्तुळाबरोबर हे नावही पाहावं. नसेल तर तिथंच लिहून घ्यावं, आणि ते नाव पगारी पोऱ्याचं नको, मालकाचं असावं.