वृत्तालेख : खानदेश व शालेय गणित

वृत्तालेख : एखाद्या एकूण राशीतील निरनिराळ्या घटकांचे परस्परप्रमाण वर्तुळाच्या पाकळ्यांनी दाखविणारी आकृती. संपूर्ण वर्तुळ म्हणजे एकूण राशी व प्रत्येक वर्तुळपाकळी म्हणजे एक घटक, असे मानण्यात येते. महाराष्ट्रात शालेय गणितातील सांख्यिकी या प्रकरणात इयत्ता दहावीपर्यंत त्याची ओळख होते.

वृत्तालेखाला दोन साधने लागतात : वर्तुळाचे ३६० अंशांत विभाजन आणि त्रैराशिक. ही दोन्ही भारतीय गणितज्ञांना फार पूर्वीपासून परिचित होती. भास्कराचार्य (दुसरे, जन्म १११४) यांनी ११५० मध्ये पूर्ण केलेल्या सिद्धांतशिरोमणी या ग्रंथाच्या लीलावती या भागात त्रैराशिकाचे सविस्तर विवेचन आहे. वर्तुळाचा परिघ काढण्यासाठी तीत ३९२७/१२५० हे सूक्ष्म व २२/७ हे स्थूल गुणोत्तर दिले असून, परिघाला व्यासाच्या चतुर्थांशाने गुणले असता क्षेत्रफळ येते, असा नियम सांगितला आहे. वर्तुळातील समभुज त्रिकोणापासून नवकोनापर्यंतच्या आकृत्यांच्या बाजू काढण्यासाठी गुणकही दिलेले आहेत.

या परंपरेचा खानदेशाशी संबंध शिलालेखाने सिद्ध होतो. जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेख (शके ११२८) डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये प्रसिद्ध केला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी होता. आपल्या आजोबांच्या व घराण्यातील इतरांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्याने पाटण येथे मठ स्थापन केला आणि निकुंभ घराण्यातील सोइदेवाने त्यास दान दिले, असे या लेखावरून समजते. लेखाच्या शेवटच्या मराठी भागात बाजारातील व्यवहारांवर मठाला द्यावयाचे वाटे नमूद असून, चालणाऱ्या प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेल हा त्यांपैकी एक होय. गणिताच्या शिक्षणाचा खर्च गावच्या व्यापारातील अशा लहान लहान अंशांतून भागविला जात असे, हे यावरून दिसते. भास्कराचार्यांचे जन्मगाव विज्जलविड हे पाटण परिसरातच होते की अन्यत्र, याविषयी मात्र अभ्यासकांत मतभेद आहेत.

तथापि वृत्तालेख भास्कराचार्यांच्या काळी अस्तित्वात होता, असे म्हणता येत नाही. कोन हे लोकसंख्येसारख्या राशींचे चित्ररूप मानण्याची कल्पना सांख्यिकीय माहितीच्या संकलनाबरोबर, पुष्कळ नंतर आली. स्कॉटिश लेखक विल्यम प्लेफेअर यांनी १८०१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तुर्की साम्राज्याचे आशिया, यूरोप व आफ्रिका या खंडांतील प्रदेश एका वर्तुळाच्या पाकळ्यांनी दाखविले. हा पहिला वृत्तालेख समजला जातो. पुढे शार्ल मीनार या फ्रेंच अभियंत्याने १८५८ मध्ये नकाशावरच वृत्तालेख काढून पॅरिसला निरनिराळ्या प्रांतांतून येणाऱ्या मांसाचे प्रमाण दाखविले.

रचना : घटकाचा केंद्रीय कोन काढण्यासाठी त्या घटकाच्या मूल्याला एकूण मूल्याने भागून ३६० ने गुणतात. सोयीस्कर त्रिज्येचे वर्तुळ काढून एक त्रिज्या आरंभरेषा म्हणून घेतात व कोनमापकाच्या साहाय्याने कोन क्रमाने आखतात. सर्व कोनांची बेरीज ३६०° येते की नाही, हे पाहणे आवश्यक असते.

पूर्वीच्या खानदेश जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व व पश्चिम असे विभाजन झाले व जळगाव आणि धुळे ही अनुक्रमे त्यांची मुख्य ठिकाणे झाली. १९९८ मध्ये धुळे जिल्ह्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा करण्यात आला. २०११ च्या जनगणनेनुसार जळगावची लोकसंख्या ४२,२९,९१७, धुळ्याची २०,५०,८६२ व नंदुरबारची १६,४८,२९५, म्हणजे एकूण ७९,२९,०७४ होती. यावरून येणारे कोन अनुक्रमे सु. १९२°, ९३° व ७५° होत. याच जिल्ह्यांची क्षेत्रफळे ११,७६५, ७,१९५ व ५,९५५ चौ. किमी. असून त्यांचे कोन सु. १७०°, १०४° व ८६° येतात.

अर्थनिर्णय : ही दोन वर्तुळे शेजारी ठेवली असता त्यांतील भेद स्पष्ट होतो. जळगावचा लोकसंख्येचा कोन क्षेत्रफळाच्या कोनापेक्षा मोठा आहे; अन्य दोन्ही जिल्ह्यांचा लहान आहे. ज्या घटकाच्या बाबतीत पहिला कोन मोठा, तेथील लोकसंख्येची घनता सरासरीहून अधिक असते. दर चौ. किमी.स जळगाव ३६०, धुळे २८५ व नंदुरबार २७७ ही घनता या निष्कर्षास पुष्टी देते. तिन्ही जिल्ह्यांची मिळून सरासरी ३१८ आहे. शाळा, दवाखाने यांची वाटणी केवळ लोकसंख्येच्या कोनावरून केली, तर विरळ वस्तीच्या प्रदेशातील अंतरांचा विचार सुटतो आणि केवळ क्षेत्रफळाच्या कोनावरून केली, तर दाट वस्तीवर अन्याय होतो. म्हणून कोणत्या राशीचे वर्तुळ काढले आहे, हे वाचकाने प्रथम पाहावे लागते.

मर्यादा : वृत्तालेखात प्रमाण दिसते, एकूण राशी दिसत नाही. भिन्न एकूण राशींची तुलना करावयाची असल्यास वर्तुळांची क्षेत्रफळे त्या राशींच्या प्रमाणात घ्यावी लागतात; प्लेफेअर यांनीही देशांच्या विस्ताराच्या प्रमाणात वर्तुळे काढली होती. वरील तीन जिल्ह्यांसाठी २ सेंमी. त्रिज्या घेतल्यास त्याच जनगणनेतील महाराष्ट्राच्या ११,२३,७४,३३३ लोकसंख्येसाठी सु. ७·५ सेंमी. त्रिज्या घ्यावी लागेल. कारण लोकसंख्या सु. १४ पट असली, तरी त्रिज्या तिच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. जवळजवळ समान कोनांतील फरक डोळ्यांना अचूक कळत नाही. तेथे स्तंभालेख अधिक उपयुक्त ठरतो. पाकळीच्या अंतर्गत रचनेविषयीही वृत्तालेख काही सांगत नाही. नंदुरबारच्या ७५° च्या पाकळीतील सु. ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत, ही गोष्ट दाखविण्यासाठी दुसरे वर्तुळ काढावे लागते.