बरणीतला साप आणि भिंतीवरचा नाग

घोडेगावाहून भीमाशंकरकडे निघाले की वाटेत शिनोली लागते. पश्चिमेला डोंगर आणि भातखाचरे, पूर्वेला मंचरच्या बाजूची उसाची शेती, यांच्या मधला हा पट्टा. पावसाळा सुरू झाला की इकडच्या शाळांत एक प्रसंग हमखास घडतो. एखादा विद्यार्थी झाकणाला भोके पाडलेली प्लॅस्टिकची बरणी घेऊन वर्गात येतो. कधी त्यात सरड्याचे पिल्लू असते, कधी नदीकाठचे कासव, तर कधी साप.

या भागात शिकवणाऱ्या माझ्या एका मित्राच्या वर्गात अशीच एक बरणी आली. आत वीतभर लांबीचा, अंगावर आडवे पट्टे असलेला साप होता. मित्राच्या मनात पहिला शब्द आला तो मण्यार. त्याने बरणी टेबलावर ठेवायला लावून मुलांना मागे सारले. बरणी आणणारा मुलगा मात्र शांत होता. तो म्हणाला, "सर, हा कवड्या आहे. याचे पट्टे मानेजवळ ठळक आहेत आणि शेपटीकडे पुसट होत गेलेत. मण्यारीचं उलटं असतं. आपण हा वर्गात पाळूया का?"

वन विभागामार्फत बोलावलेल्या सर्पमित्राने साप पाहिला आणि मुलाचेच बरोबर असल्याचे सांगितले. कवड्या बिनविषारी. घराच्या भिंतींवर चढून पाली खाणारा. पण मुलाच्या प्रश्नाचे उत्तर काय द्यावे, हे माझ्या मित्राला त्या दिवशी सुचले नाही. त्याने तो प्रश्न मला विचारला, आणि उत्तर शोधताना लक्षात आले, की महाराष्ट्राने हा प्रश्न गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत वेगवेगळ्या प्रकारे सोडवून पाहिला आहे. तो इतिहास शिक्षकांना उपयोगी पडेल असे वाटते.

टोपली आणि गाडगे

सरपटणारा प्राणी जवळ बाळगण्याची आपल्याला सर्वांत परिचित रीत म्हणजे गारुड्याची टोपली. अनेक पिढ्यांनी जिवंत नाग पहिल्यांदा पाहिला तो गारुड्याकडेच. पण त्या खेळातून सापाविषयी जे ज्ञान पसरले ते बरेचसे चुकीचे होते. सापाला बाह्यकर्ण नसतो, कानाचा पडदाही नसतो. जमिनीतून येणारी कंपने त्याला उत्तम कळतात, आणि हवेतून येणारे खालच्या पट्टीतले आवाजही काही प्रमाणात जाणवतात, असे अलीकडच्या प्रयोगांत दिसले आहे. परंतु पुंगीपुढे नाग डोलतो तो सुरांमुळे नव्हे. हलणाऱ्या पुंगीवर नजर ठेवून तो स्वतःचा बचाव करत असतो. दूध हे तर त्याचे अन्नच नाही. कित्येक दिवस पाण्यावाचून ठेवलेला साप समोर येईल ते द्रव पितो, एवढाच त्याचा अर्थ. अनेकदा नागाचे विषदंत उपटलेले असत. त्या जखमा चिघळत आणि नाग काही आठवड्यांत मरे. मग नवा नाग पकडला जाई. म्हणजे टोपलीतला नाग पाळलेला नव्हता, वापरलेला होता.

दुसरी रीत सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याची. नागपंचमीच्या आधी गावकरी रानात जाऊन नाग पकडत, कापडाने तोंड बांधलेल्या मडक्यांत ठेवत, सणाच्या दिवशी अंबामातेच्या दर्शनाला नेत, मिरवत, आणि नंतर जिथून आणले तिथे सोडून देत. या प्रथेच्या पोटात एक गोष्ट मोलाची होती. नाग हा पाहुणा आहे, त्याला मारायचे नाही आणि परत सोडायचे, हा संकेत. वारूळ ओळखणे, माग काढणे, इजा न करता नाग धरणे हे कौशल्यही पिढ्यान्‌पिढ्या जपले गेले. पण काळाबरोबर गर्दी वाढली, मंडळे वाढली, सर्वांत लांब नाग कोणाचा, सर्वांत उंच फणा कोणाचा अशा स्पर्धा लागू लागल्या. पाहुणा स्पर्धेचे साधन बनला.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली आला. या कायद्यातली एक बारीक गोष्ट शिक्षकांनी मुद्दाम लक्षात ठेवावी. त्यात "शिकार" या शब्दाच्या व्याख्येत प्राणी पकडणेही येते. शिराळ्याचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि न्यायालयाच्या आदेशांमुळे जिवंत नागांची मिरवणूक थांबली. पुढे २०२५ साली गावातल्या २१ जणांना मोजक्या दिवसांसाठी नाग पकडण्याची परवानगी केंद्राकडून मिळाली. तिचे कारण होते पारंपरिक ज्ञान आणि शिक्षण. खेळ आणि मिरवणूक यांवरची बंदी कायम राहिली. कौशल्य जपायचे, पण प्राण्याची करमणूक करायची नाही, असा मध्यममार्ग काढण्याचा हा प्रयत्न होता.

साप पाळले ते औषधासाठी

साप पाळण्याचे तिसरे कारण वैज्ञानिक होते. फ्रेंच शास्त्रज्ञ आल्बेर काल्मेत याने सायगावमध्ये असताना नागदंशाचे बळी पाहिले, आणि १८९० च्या दशकात सर्पविषावरील प्रतिविष तयार केले. तत्त्व साधे आहे. घोड्याला विषाची अगदी थोडी मात्रा टोचायची आणि ती हळूहळू वाढवत न्यायची. घोड्याच्या रक्तात विषाला निष्प्रभ करणारी प्रतिद्रव्ये तयार होतात. ती वेगळी काढून शुद्ध करायची आणि दंश झालेल्या माणसाला द्यायची.

नागाच्या विषावर तयार केलेले हे औषध सर्व सापांवर चालेल, अशी काल्मेतची समजूत होती. ती चुकीची ठरली. प्रत्येक जातीच्या विषाची घडण वेगळी असते. म्हणून ज्या प्रदेशात औषध वापरायचे, तिथल्या सापांचे विष हवे, आणि विष हवे तर जिवंत साप सांभाळायला हवेत. मुंबईच्या परळ येथील हाफकिन संस्थेत हे काम मोठ्या प्रमाणावर झाले. प्लेगच्या संशोधनासाठी १८९९ साली सुरू झालेल्या या प्रयोगशाळेला १९२५ साली हाफकिनचे नाव मिळाले. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषांवर एकत्रित चालणारे प्रतिविष येथे तयार होऊ लागले. याच संस्थेत सापांवर काम करणारे डॉ. पी. जे. देवरस यांनी भारतातील सापांवर लिहिलेले पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टने १९६५ साली काढले. सामान्य वाचकाला सापाची शास्त्रीय ओळख करून देणाऱ्या आरंभीच्या पुस्तकांपैकी ते एक.

आज देशातल्या प्रतिविषासाठी लागणारे विष मुख्यतः तमिळनाडूतून येते. तेथील इरुळा आदिवासींनी १९७८ साली स्थापन केलेली सहकारी संस्था साप पकडते, मर्यादित वेळा विष काढते आणि साप परत सोडते. या व्यवस्थेची एक उणीव आता स्पष्ट झाली आहे. एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशागणिक बदलते. शिवाय भीमाशंकरच्या जंगलात झाडीत बसणारा हिरवा चापडा या चार सापांत मोडत नाही, त्यामुळे त्याच्या विषावर हे औषध केलेलेच नाही.

काचेची खोली आणि सर्पोद्यान

चौथी रीत आपल्या पुणे जिल्ह्यातली. नीलिमकुमार खैरे हे तरुणपणी माथेरान परिसरातील एका विश्रामगृहात नोकरी करत होते. तिथे निघणारे साप लोक मारून टाकत. खैरे साप पकडायला शिकले. १९८० साली पुण्यात त्यांनी काचेच्या खोलीत ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास काढले. या विक्रमाची खूप चर्चा झाली. त्यातून लोकांपर्यंत पोहोचलेली गोष्ट अशी, की साप माणसाचा पाठलाग करत नाही. डिवचल्याशिवाय तो चावायला धावत नाही. १९८६ साली पुणे महानगरपालिकेच्या साहाय्याने कात्रजला सर्पोद्यान उभे राहिले, आणि १९९९ साली ते राजीव गांधी प्राणिसंग्रहालयाचा भाग झाले. शाळांच्या सहली तिथे जाऊ लागल्या. "सर्पमित्र" हा शब्द मराठीत रुळला. ज्या घरात साप दिसताच काठी शोधली जाई, तिथे फोन शोधला जाऊ लागला. हा बदल लहान नाही.

पण या चळवळीलाही शिराळ्याचाच रोग जडला. साप पकडल्यावर गळ्यात घालून फोटो काढणे, फण्याचे चुंबन घेणे, गर्दीपुढे खेळ करणे असे प्रकार काही जण करू लागले. यात तरुण मुलांचे जीव गेले आहेत. सापाची भीती घालवणे आणि सापाचा धाक संपवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली शिक्षण आहे, दुसरी आत्मघात.

आजची हौस

आता साप-कासवे हौसेने पाळण्याची लाट शहरांतून गावांकडे येत आहे. सर्वांत जास्त विकले जाते ते कानामागे लाल पट्टा असलेले अमेरिकन कासव. विकत घेताना ते रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडेसेच मोठे असते. वीस-तीस वर्षे जगते आणि ताटलीएवढे होते, हे दुकानदार सांगत नाही. मग कंटाळलेले कुटुंब त्याला जवळच्या तळ्यात, विहिरीत किंवा नदीत सोडते. तिथे ते देशी कासवांचे अन्न आणि जागा बळकावते. या कासवांमुळे मुलांना साल्मोनेला जंतूंची बाधा होते असे दिसल्यावर अमेरिकेने १९७५ साली चार इंचांपेक्षा लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. युरोपीय संघाने १९९७ साली या कासवाची आयात थांबवली.

आपले तारांकित कासव "घरात भरभराट आणते" म्हणून चोरून विकले जाते. २०१९ साली त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सर्वांत कडक बंदी आली. मांडुळाची गोष्ट याहून दुःखद आहे. आखूड, बोथट शेपटीमुळे लोक त्याला दुतोंडी म्हणतात, आणि गुप्तधन मिळवून देणारा साप म्हणून तो वजनावर विकला जातो. महाराष्ट्रात अशा टोळ्या वारंवार पकडल्या गेल्या आहेत. बिचारा मांडूळ शेतातले उंदीर खातो, हेच त्याचे गुप्तधन.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. देशी साप, घोरपड किंवा कासव परवानगीवाचून घरात वा शाळेत ठेवता येत नाही. आंतरराष्ट्रीय व्यापार-नियंत्रणाच्या यादीतले परदेशी प्राणी बाळगणाऱ्यांना २०२४ च्या नियमांनुसार सरकारदरबारी नोंदणी करावी लागते.

कायदा बाजूला ठेवला तरी जीवशास्त्र उरते. हे प्राणी शरीराचे तापमान आतून राखत नाहीत. ऊन, सावली, दगड, बीळ यांत जागा बदलत ते राखतात. अन्न पचणे, कात टाकणे, रोगाशी झुंजणे हे सारे त्यावर अवलंबून असते. बरणीत ऊनही एकच आणि सावलीही एकच. कुत्र्यासारखी त्याची तक्रारही ऐकू येत नाही. म्हणून बरणीतला साप महिनोन्‌महिने "ठीक" दिसतो आणि एके दिवशी मेलेला आढळतो.

मग वर्गात काय करावे?

इथे प्रश्न केवळ प्राण्याच्या जिवाचा नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे मेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांतले बहुतेक मृत्यू खेड्यांतले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांत केला. आपल्या भागात नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत आणि डॉ. पल्लवी राऊत यांनी जुन्नर-आंबेगाव परिसरात सर्पदंशाने एकही मृत्यू होऊ नये हा ध्यास घेऊन उपचार व प्रबोधन केले आहे. अशा कामाला शाळेची जोड मिळाली तर फरक पडतो. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि अनेकदा जखम दिसतही नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात. हे ज्या मुलाला ठाऊक आहे ते घरच्यांना मांत्रिकाकडे न नेता घोडेगाव, मंचर किंवा नारायणगावच्या दवाखान्यात न्यायला लावेल. आवळून दोरी बांधू नये, जखम कापू नये, दंश झालेला अवयव स्थिर ठेवावा आणि वेळ न दवडता निघावे, एवढे चारच मुद्दे फळ्यावर लिहिले तरी पुरे.

आणि निरीक्षण? त्याला बरणी लागत नाही. शाळेच्या दिव्याभोवती संध्याकाळी किती पाली येतात, त्या आपापली जागा कशी राखतात, ते मोजावे. कुंपणावरचा सरडा सकाळी कोणत्या बाजूला अंग करतो आणि दुपारी कुठे जातो, याची तासातासाने नोंद करावी. गावात कोणता साप कोणत्या महिन्यात व कुठे दिसला, याची वही ठेवावी. साप घरात वा वर्गात निघाला तर हात न लावता अंतरावरून नजर ठेवावी आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

आपल्या घरांतली नागपंचमी आठवा. पाटावर किंवा भिंतीवर गंधाने नाग काढतात, वारुळाला जाऊन पूजा करतात, त्या दिवशी शेत नांगरत नाहीत, जमीन खणत नाहीत. सापाला त्याच्या बिळात राहू देऊन त्याचे कौतुक करण्याची ही रीत टोपली आणि गाडगे या दोहोंहून शहाणी आहे.

माझ्या मित्राने त्या मुलाला शेवटी सांगितले, की साप पाळायचा नाही, पण सापांची वही तूच ठेवायचीस. सर्पमित्राने कवड्या शाळेमागच्या दगडी बांधाशी सोडला. वहीच्या पहिल्या पानावर मुलाने तारीख, जागा आणि सापाचे नाव लिहिले. खाली आणखी एक ओळ लिहिली: हातात धरू नये, मी धरला होता ते चुकले. पट्टे मोजण्याची त्याची नजर मात्र चुकली नव्हती. ती नजर जपणे हे शिक्षकाचे काम.