शब्दवेध : नेम

मराठीतील ‘नेम’ हा शब्द संस्कृत ‘नियम’ या शब्दापासून आला असून, त्यात ‘इय’ या उच्चाराचा संकोच होऊन ‘ए’ झाला आहे. मूळ शब्दात ‘यम्’ म्हणजे आवरणे, ताब्यात ठेवणे हा धातू आणि ‘नि’ हा उपसर्ग आहे. पतंजलीच्या योगसूत्रांत शौच, संतोष, तप, स्वाध्याय आणि ईश्वरप्रणिधान, म्हणजे ईश्वराच्या ठायी सर्व कर्मांचे समर्पण, असे पाच नियम सांगितले आहेत. ईश्वरावरील निष्ठेची गणना तेथे मतांमध्ये नव्हे, तर आचरणात होते, हे फार महत्त्वाचे आहे.

‘नियम’ हा शब्द मराठीत पुढे कायद्याकडे आणि शास्त्राकडे झुकला, तर ‘नेम’ घरात आणि देव्हाऱ्यात राहिला. बाहेरून लादला जातो तो नियम आणि माणूस आपण होऊन स्वीकारतो तो नेम, असा भेद रूढ वापरात स्पष्ट दिसतो. गळ्यात तुळशीची माळ घालणाऱ्या वारकऱ्याने एकादशीचा उपवास, नित्य हरिपाठ आणि पंढरीची वारी पत्करलेली असते. ती चुकू नये म्हणून शेतीची कामे पुढेमागे करणारा शेतकरी श्रद्धेची व्याख्या करीत नाही, परंतु त्याच्या वर्षाची आखणीच तिच्याभोवती झालेली असते. ‘नेम धरणे’ या प्रयोगात हाच शब्द लक्ष्यावर रोखलेल्या दृष्टीसाठी येतो, तर ‘नेमका’ आणि ‘नेमस्त’ हे शब्दही त्याच कुळातले आहेत.