‘१२ एप्रिलनंतर चक्रीवादळ येत नाही’: मॉरिशस बेटाच्या इशाऱ्यांचा इतिहास

१/ २९ एप्रिल १८९२, शुक्रवार. हिंदी महासागरातील मॉरिशस बेटाची राजधानी पोर्ट लुई. सकाळपासून वाऱ्याचा जोर वाढत होता आणि वायुभारमापकातील पारा उतरत होता. मात्र बेटावरील अनेक दशकांच्या नोंदी एकच गोष्ट सांगत होत्या: १२ एप्रिलनंतर येथे चक्रीवादळ आलेले नाही. सायंकाळपर्यंत शहराचा जवळपास एक तृतीयांश भाग जमीनदोस्त झाला. बेटावर सुमारे १,२०० माणसे मृत्युमुखी पडली.

२/ ही कथा अज्ञानाची असती, तर ती सांगण्याचे विशेष कारण नव्हते. परंतु त्या काळी उष्ण कटिबंधातील वादळांचा अभ्यास जगात ज्या थोड्या ठिकाणी गांभीर्याने चालत असे, त्यांत मॉरिशसचे स्थान फार वरचे होते. मग जाणकारांच्या बेटावरच हा घात कसा झाला? या धाग्यात त्या प्रश्नाचा आणि पुढील सव्वाशे वर्षांत त्याला मिळालेल्या उत्तरांचा मागोवा घेऊ.

३/ प्रथम थोडी पार्श्वभूमी. १८४५ च्या फेब्रुवारीत ‘चार्ल्स हेडल’ नावाचे जहाज मॉरिशसहून निघाले आणि वादळात सापडले. वाऱ्यापुढे धावत ते अनेक दिवस गोल गोल फिरत राहिले आणि अखेरीस बेटापासून फार दूर न जाताच सुटले. कलकत्त्यातील हेन्री पिडिंग्टन यांनी त्या जहाजाच्या नोंदवहीचा बारकाईने अभ्यास केला. अशा वादळांसाठी ‘सायक्लोन’ हा शब्द त्यांनीच रूढ केला. आज जगभर वापरला जाणारा हा शब्द आपल्याच महासागरातील वादळांच्या अभ्यासातून जन्मला आहे.

४/ मॉरिशसवर या अभ्यासाची धुरा वाहिली ती चार्ल्स मेल्ड्रम या स्कॉटिश गणितज्ञाने. १८४६ मध्ये ते मुंबईच्या शिक्षण खात्यात रुजू झाले आणि १८४८ मध्ये मॉरिशसच्या रॉयल कॉलेजात गणित शिकवू लागले. १८५१ मध्ये त्यांनी तेथे हवामानशास्त्रीय संस्था स्थापन केली. बंदरात येणाऱ्या जहाजांच्या नोंदवह्यांतून वारा, वायुभार आणि स्थान यांची माहिती उतरवून घ्यायची, ती नकाशावर मांडायची आणि वादळाचा मार्ग शोधायचा, हे काम त्यांनी आयुष्यभर केले. चक्रीवादळातील वारा नुसता वर्तुळाकार फिरत नाही, तो सर्पिलाकार आत ओढला जातो, हे त्यांनी आग्रहाने मांडले. कप्तानांसाठी तो जीवनमरणाचा प्रश्न होता, कारण वारा ज्या दिशेने येतो त्यावरूनच वादळाचे केंद्र कोठे आहे, याचा अंदाज बांधावा लागे.

५/ मेल्ड्रम यांचे मन नियमिततेचा शोध घेणारे होते. सूर्यावरील डागांचे चक्र आणि चक्रीवादळांची संख्या यांत संबंध असल्याचे त्यांनी १८७२ मध्ये मांडले. वादळांचा हंगाम १ डिसेंबर ते १२ एप्रिल, हा ठोकताळाही अशाच नोंदींवर उभा होता. नोंदी खऱ्या होत्या, त्यांत कोणतीही लबाडी नव्हती. पण ‘आजवर आले नाही’ आणि ‘येणार नाही’ या दोन वाक्यांतील अंतर काही दशकांच्या नोंदींनी भरून निघत नाही.

६/ दुसरी अडचण अधिक मूलभूत होती. १८९२ मध्ये मॉरिशस समुद्राखालील तारेने बाहेरच्या जगाशी जोडलेलेच नव्हते. पांप्लमूस येथील वेधशाळेला स्वतःच्या डोक्यावरचे आकाश दिसत होते, स्वतःचा वायुभारमापक वाचता येत होता. शेकडो कोस दूर समुद्रावर काय शिजत आहे, हे एखादे जहाज बंदरात येऊन सांगेल तेव्हाच कळणार, आणि जहाजाच्या आधी वादळ पोहोचले तर तेही नाही. ज्ञान होते, परंतु वार्ता नव्हती.

७/ त्या दुपारी वादळाचे केंद्र बेटावरून गेले. वारा अचानक पडला. संकट टळले असे समजून अनेक जण बाहेर आले. पण ती शांतता वादळाच्या डोळ्याची होती. थोड्याच वेळात वारा विरुद्ध दिशेने उलटला आणि पोर्ट लुईची खरी वाताहत या दुसऱ्या फेरीत झाली. वाऱ्याचे झोत ताशी २१६ किलोमीटरपर्यंत गेले होते, तर वायुभार ९४७ हेक्टोपास्कलपर्यंत उतरला होता. मेल्ड्रम ज्या रॉयल कॉलेजात शिकवीत असत, त्याची इमारतही कोसळली.

८/ या बेटावर आपलीही माणसे होती. १८३४ पासून उसाच्या मळ्यांसाठी करारबद्ध मजूर हिंदुस्थानातून नेले जात. कलकत्ता आणि मद्रासप्रमाणे मुंबई बंदरातूनही ते जात, त्यांत कोकणातील मराठी कुटुंबे होती. मॉरिशसमधील आजचा मराठी समाज त्यांचाच वंशज. लाकूड आणि गवताने शाकारलेल्या मजुरांच्या वस्त्यांना ताशी दोनशे किलोमीटरच्या वाऱ्यापुढे कसला आधार असणार?

९/ पुढच्याच वर्षी, १८९३ मध्ये, झांजिबार आणि सेशेल्समार्गे समुद्री तार मॉरिशसला पोहोचली. १९०१ मध्ये ऑस्ट्रेलियाकडून येणारी तार पूर्वेकडील रॉड्रिग्ज बेटावरून मॉरिशसला आली. या भागातील वादळे बहुधा पूर्वेकडून सरकत येतात, त्यामुळे सहाशे किलोमीटरवरचे रॉड्रिग्ज हे मॉरिशसचे पहारेकरी ठरले. साम्राज्याचा व्यापार आणि कारभार यांसाठी टाकलेल्या तारेने हवामानाची वार्ताही वाहिली.

१०/ दुसरा मोठा धडा १९६० चा. जानेवारीत ‘अ‍ॅलिक्स’ आणि २८ फेब्रुवारीला ‘कॅरोल’. कॅरोलचे झोत ताशी २५६ किलोमीटर, म्हणजे १८९२ पेक्षा अधिक. तरी मृतांचा आकडा शेकड्यांत गेला नाही, कारण आता पूर्वसूचना मिळत होती. घरे मात्र हजारोंनी पडली आणि साखरेचे उत्पादन निम्म्याहून अधिक घटले. त्यानंतर शासनाने गृहनिर्माणासाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापले, नव्या वसाहती उभ्या केल्या आणि हळूहळू सिमेंट काँक्रीटचे सपाट छप्पर ही मॉरिशसच्या घरांची ओळख बनली. बेटाने वाऱ्यावर मात केली.

११/ आणि मग पाणी आले. ३० मार्च २०१३, शनिवार. चक्रीवादळ नव्हते. पोर्ट लुईवर दोन तासांच्या आत सुमारे १५० मिलिमीटर पाऊस कोसळला. शहर डोंगरांच्या कोंदणात वसलेले आहे. ल पूस आणि पीटर बोथ या आठशे मीटरहून उंच शिखरांच्या उतारांवरचे पाणी नाल्यांतून थेट बंदराकडे धावते, आणि काँक्रीटने झाकलेली जमीन ते मुरू देत नाही. ११ जणांचा बळी गेला. त्यांतील अनेक जण बंदराजवळच्या भुयारी पादचारी मार्गात आणि तळघरातील वाहनतळात अडकले होते.

१२/ येथे इशाऱ्यांची भाषा पाहण्यासारखी आहे. मॉरिशसच्या चक्रीवादळ इशाऱ्यांच्या चार श्रेणी वर्षानुवर्षे एका मापावर आधारलेल्या होत्या: ताशी १२० किलोमीटरचे झोत केव्हा येणार? अतिवृष्टीचे मापही बारा तासांत १०० मिलिमीटर, असे लांब मुदतीचे होते. दोन तासांत शहर बुडवणारा पाऊस या चौकटीत सहजासहजी मावत नव्हता. जानेवारी २०२४ मध्ये ‘बेलाल’ चक्रीवादळाच्या वेळी पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून मोटारी पुन्हा वाहून गेल्या आणि इशारा वेळेवर मिळाला का, हा वाद पुन्हा पेटला.

१३/ या तीन तारखा ओळीने ठेवल्या की एक सूत्र दिसते. १८९२ च्या लोकांनी मागील हंगामांवर विश्वास ठेवला आणि वादळ हंगामाबाहेर आले. १९६० नंतरच्या पिढीने वाऱ्याविरुद्ध भिंती बांधल्या आणि संकट पाण्याच्या रूपाने आले. दोन्ही वेळा लोक आळशी नव्हते, मूर्ख तर नव्हतेच. त्यांनी मागच्या संकटाचा धडा मनापासून गिरवला होता. अडचण हीच की त्यांनी फक्त मागच्याच संकटाचा धडा गिरवला होता.

१४/ म्हणून इतिहासाच्या विद्यार्थ्याने मेल्ड्रम यांना हसू नये. त्यांच्या नोंदवह्यांवाचून वादळांचे मार्ग कळलेच नसते. पण नोंदवही वाचताना तीत काय लिहिले आहे, याबरोबरच ती केव्हापासून सुरू होते आणि तीत काय मोजलेच गेलेले नाही, हेही विचारावे. ‘असे पूर्वी कधी घडले नाही’ हे वाक्य पुराव्यानिशी खरे असू शकते. १८९२ च्या त्या शुक्रवारी सकाळीही ते खरेच होते.